वडगावातलं एक कॅबिनेट आणि केओएफ ९७: हा गेम अजून का चालतोय

प्रश्न एवढाच होता की कॅबिनेट, म्हणजे व्हिडिओ गेमचं उभं मशीन, भंगारवाल्याला द्यायचं की ठेवायचं. बेळगावात वडगावला मागवाल्यांच्या गल्लीत एक दुकान आहे, पुढं कोल्ड्रिंक, रिचार्ज, झेरॉक्स आणि मागच्या खोलीत व्हिडिओ गेम. दुकान काकांनी सुरू केलं, आता त्यांचा मुलगा बघतोय. त्या खोलीत एकेकाळी मशीनला मशीन लागून असायची, मुस्तफा होता, स्ट्रीट फायटर होता, मेटल स्लग होता, मोबाईल आले तशी एकेक करत गेली आणि शेवटी राहिलं ते 'द किंग ऑफ फायटर्स ९७' चं, म्हणजे केओएफ ९७ चं, एकच. मग एका पावसाळ्याच्या तोंडावर त्याची पिक्चर ट्यूब गेली, सगळं हिरवं हिरवं दिसायला लागलं, आणि मुलानं विषय काढला की आता हे काढूया, ह्या जागेत दोन पीएस फोर (टीव्हीला जोडून खेळायचं प्लेस्टेशन) बसतात, तासावर पैसे घेता येतात. काका म्हणाले राहू दे की, अजून पोरं येतात. त्यावर मुलगा म्हणाला, "पोरं कुठली आप्पा, सगळे चाळिशीचे गडी येतात, जुन्या आठवणी काढायला."

ह्या वाक्यामुळंच मी हे सगळं लिहायला घेतलंय. जुना गेम चालतोय म्हणजे आठवणींवर चालतोय असं सगळेच धरून चालतात, मला ते कधीच पटलं नाही, आणि पुढं त्या दुकानात जे घडलं ते मी रोज संध्याकाळी तिथं असल्यामुळं जवळून बघितलंय.

माहीत नसलेल्यांसाठी आधी गेमबद्दल थोडं. एसएनके ही जपानमधली ओसाकाकडची कंपनी, तिनं १९९० ला निओ जिओ सिस्टीम काढली आणि तिचं गेम पार्लरसाठीचं रूप म्हणजे एमव्हीएस. ह्याच्यात गेम कार्ट्रिजमध्ये, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या डबीत, असतो, म्हणजे नवा गेम आला तर अख्खं मशीन बदलायला नको, एक कार्ट्रिज काढायची दुसरी घालायची, काही बोर्डांवर तर चार किंवा सहा कार्ट्रिज एकदम बसायच्या. लहान पार्लरवाल्याला परवडायचं ते ह्यामुळं. १९९४ ला केओएफचा पहिला भाग आला, मग दर वर्षी एक, आणि १९९७ चा भाग म्हणजे ओरोची ह्या खलनायकाच्या कथेचा शेवट. बाकी मारामारीच्या गेममध्ये तुम्ही एक गडी घेता, इथं तिघांची टीम घ्यायची आणि कोण आधी कोण नंतर हे पण आपणच ठरवायचं. जिंकलेला गडी तसाच पुढच्याशी लढतो, थोडीशी लाईफ परत मिळते, बस. बटणं चारच, ए हलका पंच, बी हलकी किक, सी जोरातला पंच, डी जोरातली किक. चार बटणं आणि एक हँडल, पहिली पाच मिनिटं कुणीही खेळेल. खरं त्याच हँडलवर उडीचेच चार प्रकार निघतात, लहान, साधी, लांब लहान आणि लांब मोठी, आणि हे चार नीट वेगळे काढायला शिकण्यातच माणसाचं वर्ष जातंय.

अजून एक गोष्ट, जी खोलीत उभं राहिल्याशिवाय कळत नाही. ९७ मध्ये बऱ्याच मॅचना मागं संगीतच नाही, नुसता प्रेक्षकांचा गलका ऐकू येतो, गाणं वाजतं ते ठराविक कॅरेक्टरचंच. बाहेर मागांचा खडखडाट चालू असतो, आत हा गलका, आणि मग इओरी यागामी आला की त्याचं सॅक्सोफोनवालं संगीत सुरू होतं आणि पुढं कोल्ड्रिंक पीत बसलेला माणूस पण ग्लास घेऊन आत डोकावतो. मी हे कितीतरी वेळा बघितलंय.

तर त्या पावसाळ्यात बाप-लेकानं भांडत न बसता दोन्ही करून बघितलं. मुलानं जुने पीएस फोर आणून टेकन ७ हा नव्यातला मारामारीचा गेम आणि फुटबॉल लावला. कॅबिनेटच्या ऐवजी त्यानं एक चायना बॉक्स आणला, शेकडो गेम असलेला, त्यात केओएफ ९७ पण आहे, तो एलईडी टीव्हीला जोडला आणि म्हणाला हा घ्या तुमचा गेम, चित्र पण स्वच्छ. पहिल्याच संध्याकाळी जुने गडी कुरकुरायला लागले. जड वाटतंय, इओरीची पकड निघत नाही, हँडल खराब आहे. मुलाला वाटलं ही सगळी जुन्याची माया. खरं त्यांची तक्रार बरोबर होती. गेम सेकंदाला साधारण ६० चित्रं दाखवतो, एक चित्र म्हणजे जवळजवळ १७ मिलिसेकंद. पिक्चर ट्यूबमध्ये सिग्नल आला की तसाच पडद्यावर उमटतो, एलईडी टीव्ही मात्र आधी ते चित्र घेतो, घासूनपुसून मोठं करतो आणि मग दाखवतो, त्यात काही चित्रांचा उशीर होतो. तुम्ही बटण दाबलंय वेळेवर, पण दिसतंय उशिरा, त्यामुळं समोरच्याची उडी बघून मारायचा फटका हुकतोच. मग कुणीतरी टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड, म्हणजे ही घासपूस कमी करणारी सोय, शोधून चालू केला आणि दुसऱ्या दिवशीपासून तेच गडी त्याच चायना बॉक्सवर मजेत खेळायला लागले.

मला हा ह्या प्रकरणातला पहिला महत्त्वाचा धागा वाटतो. आठवणीच हव्या असत्या तर लाकडी डबा, घासलेली बटणं, जुना वास हे सगळं गेल्यावर ते आलेच नसते. त्यांना हवा होता तो गेम, त्याच्या खऱ्या वेगानं.

दरम्यान गल्लीतल्या टीव्ही रिपेअरवाल्यानं कुणीतरी टाकून दिलेल्या टीव्हीची ट्यूब आणून कॅबिनेटला बसवली, ते परत चालू झालं आणि आता खोलीत तीन गोष्टी झाल्या, कॅबिनेट, बॉक्स आणि पीएस फोर. शाळांना पावसामुळं सुट्ट्या पडत होत्या, पीएस फोरला पोरांची रांग. रांगेतली पोरं कंटाळून कॅबिनेटजवळ उभी राहायला लागली. बघायची नुसती. ह्यांच्यातल्या कुणाच्याही लहानपणात हा गेम नव्हता, त्यांचे आईवडील शाळेत होते तेव्हाचा हा गेम.

त्यातली एक मुलगी, सातवीतली, मामाला जेवायला बोलवायला म्हणून आलेली.

"मामा चल की, आई चल म्हणालीया."

"एवढा डाव होऊ दे."

दोन डाव झाले, ती तिथंच. मग म्हणाली, "मला दे एकदा."

"घे, खरं हरलीस तर रडायचं नाही."

तिनं चँग घेतला, तो लोखंडी गोळा घेतलेला जाडा, आमच्याकडं त्याला गोळेवाला म्हणतात. मामानं मागून एवढंच सांगितलं, ए दाबत राहा पटापटा, थांबू नको. पंचचं बटण भराभर दाबलं की चँग गोळा गरागरा फिरवतो, नवशिक्याला पहिल्या मिनिटात काहीतरी जमल्यासारखं होतं, आणि तिच्या गोळ्यात समोरचा पहिला गडी गेला पण. दुसऱ्याला इओरी होता. इओरी पळत जवळ आला, पकडलं, चँगला आपल्या मागच्या बाजूला फेकलं, चँग तिथं झोकांड्या खात उभा, आणि मग सी, त्याच्यामागून तीन फटक्यांची माळ, अर्धी लाईफ साफ. परत तेच. परत तेच. तिनं मागं धरून ब्लॉक केलेलं, तरी पकड लागत होती, म्हणून ती चिडली, "अरे मी अडवलंय की!"

तेव्हा मामानं जे सांगितलं ते मला आख्खं आठवतंय. "ही पकड ब्लॉक होत नाही. पकडलं की संपलं, म्हणून पकडू द्यायचंच नाही. पळत आला की तू जमिनीवर राहू नको, लहान उडी मार, हँडल वर धरून ठेवायचं नाही, नुसतं टिचकी मारून सोडायचं. उडीतनंच डी मार." तिनं चारपाचदा प्रयत्न केला, हँडल वर धरून ठेवत होती त्यामुळं मोठी उडी जात होती आणि इओरी खालनं मारत होता. मग एकदा टिचकी बरोबर बसली, चँग जमिनीवरून इतकासाच उचलला, इओरीचा हात खालून रिकामा गेला आणि डी त्याच्या डोक्यात. मागं उभी असलेली सगळी पोरं ओरडली. मॅच ती हरलीच, खरं दुसऱ्या दिवशी ती मामाच्या आधी येऊन उभी होती.

मी नंतर मामाला विचारलं हे तुम्हाला कुणी शिकवलं. म्हणाले, शहापूरला एक पार्लर होतं, तिथं कॉलेजचा एक मुलगा यायचा, त्यानं. पंचवीसेक वर्षांमागं शिकलेली टिचकी, आणि ती आज जशीच्या तशी लागू पडली, एका चित्राचाही फरक नाही. माझ्या मते हा गेम का टिकला ह्याचं उत्तर इथं आहे. तो बदलला नाही. कार्ट्रिजमध्ये जे होतं तेच आहे, कुणी इओरीची पकड कमजोर केली नाही, चँगचा गोळा लहान केला नाही. त्यामुळं एकाला आलेलं दुसऱ्याला देता येतं, आणि देणाऱ्याला पण वाटतं की माझ्याकडं देण्यासारखं काहीतरी आहे. मामा दिवसभर मागावर असतात, मोबाईलमधलं पोरांना जास्त कळतं, घरात काहीही बिघडलं की भाचीच त्यांना शिकवते. ह्या एका मशीनसमोर मात्र भाची त्यांना विचारते.

शेजारी टेकन ७ चालू होता त्यामुळं हे जास्त ठळक दिसलं. टेकन ७ चांगला गेम आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. खरं तो २०१५ ला आर्केडला, म्हणजे पार्लरच्या मशीनवर, २०१७ ला घरच्या मशीनवर आला आणि नंतर वर्षानुवर्षं त्यात अपडेट येत राहिले, नवे गडी विकत घ्यायचे, जुन्यांचे फटके बदलायचे. दुकानातला जो मुलगा त्यात हुशार होता तो कॉलेजला हुबळीला गेला, परत आला तेव्हा दुकानानं अपडेट मारलेलं आणि त्याची एक आवडती मालिका लागेनाशी झालेली. नव्यानं शिकेल तो, त्याला वेळ आहे. पण चाळिशीतला माणूस परत शिकायला बसत नाही, तो निघून जातो, आणि त्याच्याबरोबर त्याला येत होतं ते पण जातं.

आता दुसरी बाजू. न बदलणं म्हणजे त्यातल्या चुका पण तशाच. ९७ हा काही समतोल गेम नाही, चिझुरू, चँग, इओरी असे काही गडी चांगल्या हातात गेले की बाकीच्यांचं काही चालत नाही, आणि काही गड्यांना असे कॉम्बो, म्हणजे एकात एक गुंफलेले फटके, आहेत की कोपऱ्यात धरलं तर समोरच्याला जमिनीला पाय लावू द्यायचेच नाहीत, संपेपर्यंत. लपलेला कोड टाकला की पिसाळलेला इओरी आणि पिसाळलेली लिओना निघतात ते वेगळंच. सुरुवातीला खेळायच्या दोन पद्धतींतली एक्स्ट्रा मोड घेतली आणि लाईफ कमी होऊन लाल झाली की मोठे फटके हवे तितके मारता येतात, हरत आलेला माणूस एकदम भीतीदायक होतो. आजच्या कंपनीनं हे सगळं पुढच्या महिन्यात दुरुस्त केलं असतं.

ऑगस्टमध्ये ह्याच्यावरनंच भांडण झालं. अकरावीतल्या एका पोरानं यूट्यूबवर बघून कोपऱ्यातला एक कॉम्बो बसवला, आणि आला तो सगळ्यांना धुवायला लागला, एकदा कोपरा मिळाला की समोरच्यानं हँडल सोडून द्यायचं एवढंच उरलं. दोन संध्याकाळी लोक गप्प बसले, तिसऱ्या संध्याकाळी एकानं टोकन काउंटरवर आपटलं आणि म्हणाला मी चाललो. पोरगा म्हणाला गेममध्ये आहे म्हणून मारतोय, चुकीचं काय. दोघांचंही बरोबर होतं. काका मध्ये पडले नाहीत, खोलीतल्या लोकांनीच ठरवलं आणि एका पुठ्ठ्यावर मराठीत वर, कन्नडमध्ये खाली लिहून कॅबिनेटच्या डोक्यावर लावलं. कोपऱ्यात धरून तीनदा फिरवलं की सोडायचं, कोडवाले दोघे बंद, आणि नवीन पोरगं समोर असेल तर जुन्यानं पहिले दोन गडी हँडलला हात न लावता मरू द्यायचे, तिसऱ्यावर काय ते खेळायचं. उठायचं कुणी हे लिहायची गरज नव्हती, हरला तो उठतो, कन्नड घरातली पोरं आधीपासूनच ओरडतात "सोत्रे एळबेकु", हरलास तर ऊठ, आणि आता आमची पण तेच ओरडतात.

हे नियम बाहेरच्या कुणी आणून दिलेले नाहीत, ते त्या खोलीचे आहेत. निपाणीला किंवा खानापूरला अशी खोली असेल तर तिथं वेगळे असतील, आणि तसंच असायला पाहिजे. गेमनं भोकं ठेवली म्हणून लोकांना एकमेकांशी बोलावं लागलं. तो अकरावीतला मुलगा गेला नाही बरं का, उलट दोन गडी सोडून द्यायच्या नियमामुळं त्याला नवी पोरं शिकवावी लागली आणि आता त्याच्याभोवतीच सगळ्यात जास्त गर्दी असते.

आणि हे काही बेळगावपुरतं नाही. चीनमध्ये ९७ अजून गांभीर्यानं खेळला जातो, ह्याच भोकांसकट. तिथला शाओहाय हा खेळाडू केओएफच्या आर्केडमधूनच वर आला, आणि २०२४ ला रियाधच्या ईस्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये स्ट्रीट फायटर ६ जिंकला तो तोच. म्हणजे जुन्या गेमवर तयार झालेला हात नव्या गेममध्ये पण चालतो. लाहोरचा अर्सलान अ‍ॅश २०१९ ला टेकन ७ चा एव्हो, म्हणजे मारामारीच्या गेमची मोठी स्पर्धा, जिंकला, तो पण तिथल्या आर्केडमधनंच तयार झालेला. आपल्याकडनं स्ट्रीट फायटर ५ ला हांगझोऊच्या एशियन गेम्सला खेळाडू गेले होते, मारामारीच्या गेमना आता ते दार पण उघडं आहे. वडगावातनं कुणी जाईल असं मी म्हणत नाही, पण असे हात तयार होतात ते ह्या अशा खोल्यांमधनंच. एसएनके २००१ ला दिवाळखोरीत गेली, नंतर परत उभी राहिली, आणि २०१८ ला ९७ लाच ऑनलाईन खेळायची सोय घालून परत काढलं, ते घेणारे लोक आहेत म्हणूनच ना.

पैशाचं पण सांगितलं पाहिजे कारण मूळ वाद जागेचा होता. पीएस फोर तासावर, चौघं आले काय आणि दोघं आले काय, तास संपला की पैसे तेवढेच. कॅबिनेट टोकनवर, जिंकणारा फुकट उभा राहतो आणि येणारा प्रत्येक जण टोकन घालतो, त्यामुळं दोन तुल्यबळ गडी समोरासमोर आले आणि मागं रांग लागली की ते भराभर खातं. (टोकन का, तर त्याचं कॉइनचं यंत्र जुन्या मोठ्या रुपयासाठी होतं, २०११ नंतरचा लहान रुपया त्यातनं सरळ खाली पडतो.) पण एकटा माणूस आला तर कॅबिनेट काही कमवत नाही, शेवटच्या ओरोचीला कॉम्प्युटरसमोर हरवत बसायला कुणी येत नाही. म्हणजे कॅबिनेटची कमाई माणसांवर, मशीनवर नाही. मुलाला हा हिशेब पटायला दिवाळी उजाडली, मग त्यानं एक पीएस फोर विकला आणि कॅबिनेट दाराजवळ आणलं, रस्त्यावरनं दिसेल असं.

सगळी पोरं टिकली असंही नाही. बरीच आली, चार दिवस खेळली आणि परत मोबाईलवर गेली, त्यांना मागं उभं राहून वाट बघणं जमत नाही आणि सगळ्यांसमोर हरणं त्याहून जमत नाही. मुली अजून दोनतीनच येतात, त्या पण घरातलं कुणीतरी बरोबर असेल तरच, ते बदलायला हवं आणि त्यासाठी खोलीतल्या मोठ्यांनी तोंड सांभाळायला हवं. सातवीतली ती मुलगी आता शिंगो घेते, गेमचा नायक क्यो, त्याची नक्कल करणारा शाळकरी पोरगा, गुरूसारखे सगळे हात करतो पण त्याच्या हातातनं आग निघत नाही. मामा म्हणतात घेऊ नको तो, कच्चा आहे. ती ऐकत नाही.

ज्यांच्याकडं अशी मशीनं अजून पडून आहेत, निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडं असतील नक्की, त्यांना एक सांगायचंय. मूळ एमव्हीएसच्या बोर्डावर एक छोटी रिचार्जची बॅटरी सोल्डर केलेली असते, ती जुनी झाली की पाझरते आणि आजूबाजूचे तांब्याचे ट्रॅक खाऊन टाकते, आमचा बोर्ड उघडला तेव्हा हिरवा चिकटा बाजूच्या आयसीच्या पायापर्यंत पोचला होता. ती बॅटरी आधी काढा, डाग व्हिनेगरनं आणि मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं ब्रशनं पुसा. बॅटरी नसली तरी गेम चालतो, फक्त मशीन बंद केलं की हिशेब आणि सेटिंग जातं. बटण अडलं तर अख्खं बटण बदलू नका, खालचा मायक्रोस्विच तेवढा बदला. आणि एलईडीला लावणार असाल तर पहिल्या दिवशीच गेम मोड चालू करा.